नदीचा मासा, गाडीचा मासा: पांझरेच्या एका यादीचं प्रकरण

यादी चार पानांची होती. टाइप केलेली, अनुक्रमांकासकट, वर ठळक अक्षरांत ‘पांझरा नदीतील मासे’. पांझरा म्हणजे धुळ्याची, पुढे तापीला मिळणारी नदी. ती लोक जैवविविधता नोंदवहीला जोडायची होती. २००२च्या जैवविविधता कायद्यानं स्थानिक संस्थांना समित्या नेमायला लावल्या आणि त्या समित्यांच्या गळ्यात ही नोंदवही बांधली, तेव्हापासून अशा याद्यांना गावोगाव मागणी आहे. आमच्या प्राणिशास्त्र विभागाकडे ती ‘एकदा नजरेखालून घाला आणि सही करा’ एवढ्या निरोपासह आली. विभागात मासे मी शिकवतो, म्हणून ती माझ्या टेबलावर आली. सही काही झाली नाही. का झाली नाही आणि पुढचं दीड वर्ष कशात गेलं, ते इथे मांडतो.

दाताखाली पहिला खडा आला तो शिंगाळ्याचा. यादीत तो तीनदा होता: मिस्टस सींघाला, एओरिक्थिस सींघाला आणि स्पेराटा सींघाला. तीन अनुक्रमांक, मासा एकच. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातल्या कर्नल साइक्सनं १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णनं केली तेव्हा आपल्याकडची मराठी नावं उचलून लॅटिनच्या साच्यात बसवली. शिंगाळ्याचा ‘सींघाला’ झाला, दगडाला चिकटून राहणाऱ्या मळ्याचा ‘मुल्या’ झाला. नावाचा हा दुसरा भाग तेव्हापासून टिकून आहे. पहिला भाग, म्हणजे प्रजातीचं घराणं, अभ्यासकांच्या मतांप्रमाणे बदलत गेला. यादी करणाऱ्यानं तीन वेगवेगळ्या काळातले कागद समोर ठेवले आणि तिन्हींतलं नाव उतरवून घेतलं. खवल्या माशांचं तेच. २०१२मध्ये पुंटियस हे मोठं घराणं फोडून त्यातून पेथिया वगैरे नवी घराणी वेगळी केली गेली. यादीत मात्र ‘पुंटियस टिक्टो’ बाविसाव्या क्रमांकावर आणि ‘पेथिया टिक्टो’ एकतिसाव्या. दोन ठिपक्यांचा तोच बोटभर मासा, दोन घरांत राहणारा.

हे निस्तरणं सोपं होतं. लाल पेन घेतलं, तासाभरात नावं जुळवली, यादी आखूड झाली.

पण पुढे ‘पाला’ निघाला. पाला म्हणजे हिलसा. हा समुद्रातला मासा, अंडी घालायला पावसाळ्यात नदीत चढतो. तापीत तो सुरतेकडून चढायचा, ही गोष्ट खरी. पण गुजरातेत काकरापारचा बंधारा आणि त्याच्याही वर उकाईचं धरण. उकाई १९७२ साली पुरं झालं. ते सगळं ओलांडून तो सारंगखेड्याला आणि तिथून मुडावदच्या संगमावरून पांझरेत येणार, हे कोणी शपथेवर सांगितलं तरी मी मानणार नाही. मग तो यादीत आला कुठून? तर ‘तापी खोऱ्यातले मासे’ अशा कुठल्या तरी मजकुरातून. खोरं म्हणजे लहान प्रकरण नव्हे. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईपासून खंभातच्या आखातापर्यंत तापी ७२४ किलोमीटर वाहते, खोऱ्याचं क्षेत्र ६५ हजार चौरस किलोमीटरांहून थोडं जास्त, आणि त्यातला चार-पंचमांशाच्या आसपास भाग महाराष्ट्रात. एवढ्या पसाऱ्यात कुठे तरी एक मासा आहे म्हणून तो पिंपळनेरच्या ओढ्यातही आहे असं धरायचं, तर मग नदीवर जायचं तरी कशाला?

तरीही इथपर्यंत मला वाटत होतं की ही कागदी दुरुस्ती आहे, घरी बसून होईल. पंगस, रूपचंद, कटला, रोहू, मृगल ही नावं यादीत पाहिली तेव्हा मात्र यादी करणाऱ्या विद्यार्थ्याला बोलावलं. पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, “सर, मी स्वतः पाहिलेत. फोटो आहेत.” फोटो खरंच होते. धुळ्याच्या मासळी बाजारातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बाजारात गेलो. ज्या मावशीच्या पाटीवरचे फोटो होते ती जागेवरच होती. पोरानं रूपचंदकडे बोट करून विचारलं, हा पांझरेचा का? मावशीनं सुरीचा हात थांबवला, आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“हाऊ नदीना मासा नई शे सर, हाऊ गाडीना मासा शे.”

आमच्या सगळ्या कामाची व्याख्या या वाक्यात होती, आणि ती प्राणिशास्त्राच्या पुस्तकातून आलेली नव्हती. गाडीचा मासा म्हणजे थर्माकोलच्या पेटीत, बर्फात, रात्रीच्या ट्रकनं आलेला. रूपचंद मूळ दक्षिण अमेरिकेतला, पंगस मेकाँग नदीच्या खोऱ्यातला. दोन्ही तळ्यांत वाढवून विकतात. बाजारात त्यांच्या शेजारी वाम आणि मरळही होती. ती नदीची का, असं विचारल्यावर मावशी म्हणाली, वाम बेटावदकडून आलीय, मरळीचं सांगता येत नाही. हे ‘सांगता येत नाही’ मला त्या चार पानांपेक्षा मोलाचं वाटलं. यादीत अशी एकही ओळ नव्हती.

कटला-रोहू-मृगलचा गुंता निराळा. ते गाडीनंही येतात आणि आपल्या धरणांतही असतात, कारण धरणात दरवर्षी मत्स्यबीज सोडलं जातं. बोटुकली सोडायची, वाढवायची, धरायची, असा हा शेतीसारखा व्यवहार. पुराच्या वेळी सांडव्यावरून त्यातले काही खाली नदीत जातात आणि मासेमाराच्या जाळ्यात येतात. मग तो नदीचा मासा की सोडलेला मासा? जाळ्यात आला म्हणून नोंद करायची, पण शेजारी ‘सोडलेला’ असं लिहायचं, असं आम्ही ठरवलं. चिलापीचं तसं नाही. ही मूळची आफ्रिकेतली, १९५२मध्ये भारतात आणली गेली, आणि आता तिला कोणी सोडायची गरज उरलेली नाही. तिचं ती बघते.

यादी फाडली नाही. बाजूला ठेवली आणि नव्यानं सुरुवात केली.

पांझरा फार मोठी नदी नाही. साक्री तालुक्याच्या पश्चिमेच्या डोंगरांतून निघते, पिंपळनेरवरून खाली येते, कान नदीला पोटात घेते, धुळ्याच्या मधून जाते आणि मग उत्तरेला वळून मुडावदपाशी तापीला मिळते. संगमाच्या पलीकडे नीम गावी कपिलेश्वराचं देऊळ. एवढ्याशा वाटेवर तिची चार रूपं होतात. आम्ही पाच ठिकाणं धरली: लाटीपाडा धरणाच्या वरचा खडकाळ भाग, साक्री तालुक्यातला फडाचा एक जुना बंधारा, अक्कलपाड्याचा जलाशय, धुळ्याच्या खाली न्याहळोद, आणि शेवटी बेटावद ते मुडावदचा गाळाचा पट्टा.

फडाच्या बंधाऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. बाहेरचे लोक फड पद्धतीकडे सिंचनाची गोष्ट म्हणून पाहतात: बंधाऱ्यातून पाट, पाटावर पाटकरी, शेतांचे फड, एका फडात एकच पीक. माशांच्या बाजूनं पाहिलं तर हा बंधारा म्हणजे बुटकी भिंत आणि तिच्यामागे डोह. बुटकी असल्यामुळे मोठ्या पुरात ती पाण्याखाली जाते आणि चढणीचा, म्हणजे पावसाळ्यात अंडी घालायला नदीत वर चढणारा मासा वरून निघून जाऊ शकतो. धरणाची भिंत कुठल्याच पुरात पाण्याखाली जात नाही. चैत्रानंतर नदीचं पात्र कोरडं पडतं तेव्हा बंधाऱ्यामागच्या डोहात पाणी धरून राहिलेलं असतं आणि आसपासचे सगळे मासे तिथे कोंडलेले असतात. उन्हाळ्यात तिथे जाळं टाकलं की तासाभरात यादी भरते. मात्र ती उन्हाळ्यातल्या डोहाची यादी असते, नदीची नव्हे. म्हणून प्रत्येक ठिकाणी निदान तीनदा जायचं ठरलं: पावसात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात.

जाळ्यानं आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं. पहिल्या फेरीत आम्ही भोई मंडळींच्या मागे मागे फिरलो, त्यांच्या जाळ्यात आलं ते लिहिलं. पानं पाहिली तर सगळे मासे वीतभर किंवा त्याहून मोठे. नदीत लहान मासा नाहीच की काय? अर्थात होता. त्यांच्या जाळ्याची आस, म्हणजे जाळ्याची भोकं, मोठी होती, कारण पोटासाठी मासे धरणाऱ्याला बोटभर मासा काय कामाचा? दुसऱ्या फेरीत एका मुलीनं घरून आजीच्या जुन्या नऊवारीचा तुकडा आणला. दोघींनी दोन टोकं धरून तो उथळ पाण्यात काठालगत ओढला आणि पहिल्याच ओढीत दंडारी, काचेसारखे आरपार दिसणारे चांदे, वाळूत दडणारे मिशीवाले चिखलमासे असं बरंच काही उसळत वर आलं. नदीतल्या जातींची गर्दी या लहान माशांचीच असते आणि बाजारातून केलेल्या यादीत नेमके तेच नसतात. तेव्हापासून नोंदीच्या तक्त्यात ‘जाळं’ असा रकाना आला: कुठलं, आस केवढी, किती वेळ टाकलं. नऊवारीचीही नोंद तशीच आहे, ‘सुती कापड, तीन ओढी’. तपासणाऱ्या एका सहकाऱ्याला ते हास्यास्पद वाटलं. वाटू दे.

मग नावांचा भाग. ‘खवल्या’ विचारलं तर न्याहळोदला एक मासा दाखवतात, पिंपळनेरला दुसरा. खवलं असलेला कुठलाही लहान मासा खवल्याच, त्यात चूक काय? उलट बाजूनं, एकाच माशाची वाढीप्रमाणे दोन नावंही ऐकली. एका ओढ्यावर पोरांनी आम्हाला ‘मरळीची पिल्लं’ दाखवली. पंखांना नारिंगी कड होती. ती पिल्लं नव्हतीच, त्याच कुळातली लहानच राहणारी दुसरी जात होती, चन्ना गाचुआ. नुसतं नाव विचारून नोंद केली असती तर एक जात हरवली असती आणि मरळ त्या ओढ्यात वीण करते अशी भलतीच नोंद झाली असती. म्हणून स्थानिक नाव लिहायचंच, पण ते गावाच्या नावासकट आणि सांगणाऱ्याच्या शब्दांत. शास्त्रीय नाव नंतर, मासा हातात घेऊन: बाजूच्या रेषेवरची खवलं मोजायची, पाठीच्या पंखातले काटे मोजायचे, मिशा किती जोड्या ते पाहायचं. फोटो जिवंत रंगात, डोकं डावीकडे, शेजारी पट्टी. फॉर्मालिनमध्ये गेल्यावर रंग उडतो आणि सगळे मासे एकाच मातकट कुळातले दिसू लागतात.

बेटावदच्या एका आबांनी खडशीची गोष्ट सांगितली. आपल्याकडे काही गावांत महसीरला खडशी म्हणतात. त्यांच्या तरुणपणी पुरानंतर डोहात हातभर खडशी लागायची म्हणे. मी विचारलं, शेवटची कधी पाहिली? त्यांनी बराच विचार केला. “पहिले व्हता. आते नई.” हे कुठल्या रकान्यात लिहायचं? शास्त्रात याला पुरावा म्हणत नाहीत. पण टाकून द्यायलाही मन होईना, कारण नदीच्या त्या काळाची दुसरी कुठली नोंद आमच्यापाशी नव्हती. शेवटी नोंदींचे चार दर्जे केले: आमच्या हातात आलेला, मासेमाराच्या टोपलीत पाहिलेला आणि ठिकाण पक्कं कळलेला, बाजारात पाहिलेला, ऐकलेला. आबांची खडशी चौथ्यात गेली, तारीख आणि त्यांच्या शब्दांसकट. नदीच्या यादीत पहिले दोनच दर्जे घ्यायचे, उरलेले परिशिष्टात. हा निर्णय विभागात सगळ्यांना पटला नाही. एकजण म्हणाले, एवढं गाळलं तर राहतं काय? राहतं ते नदीतलं, असं मी म्हणालो. थोडं फुशारकीनंच म्हणालो असेन, कारण पुढच्याच महिन्यात माझं नाक ठेचलं गेलं.

झालं असं. डिसेंबरात एकाच आठवड्यात आमच्या दोन तुकड्या गेल्या. एक लाटीपाड्याच्या वर, दुसरी शिरपूर तालुक्यात अनेर नदीवर, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, नुसती तुलना म्हणून. दोन्हीकडून बरण्या आल्या. त्यातल्या एका बरणीत आंगठ्याएवढा एक दगडी मासा होता. चपटं पोट, छातीवर बारीक वळ्या. त्या वळ्यांच्या जोरावर असे मासे वेगवान पाण्यात दगडाला धरून राहतात. ग्लिप्टोथोरॅक्स गटातला वाटला. आमच्या कुठल्याच पानावर तो नव्हता. मी हरखलो. बरणी फिरवली, चिठ्ठी पाहायला गेलो, तर चिठ्ठी बाहेरून चिकटवलेली होती आणि ओल्या हातांनी कधीच गळून पडली होती. आत चिठ्ठी नव्हतीच. दोन्ही तुकड्यांना विचारलं. दोन्ही तुकड्यांना तो मासा आठवत होता. दोघांनाही तो आपलाच वाटत होता.

कोणी म्हणेल, पांझरा नाही तर अनेर, दोन्ही शेवटी तापीलाच मिळतात, काय फरक पडतो? इथे तर सगळाच फरक पडतो. अनेर सातपुड्यातून उतरते, पांझरा सह्याद्रीच्या अंगानं येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९४९मध्ये सातपुडा सिद्धान्त मांडला तो याच दोन डोंगररांगांना जोडणारा: पूर्वेकडच्या डोंगरी ओढ्यांतले मासे सातपुड्याच्या रांगेनं पश्चिमेला सरकत सह्याद्रीत पोहोचले असावेत, असा त्यांचा तर्क. त्यावर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले आणि तो वाद मिटवणं आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं नाही. पण त्या वादात उपयोगी पडते ती एकच गोष्ट: कुठल्या डोंगराच्या कुठल्या ओढ्यात कुठला मासा. तापीचं खोरं या दोन रांगांच्या मधोमध आहे, आणि आमच्या हातात नेमका असा मासा होता ज्याला ओढाच नव्हता.

फोटो पाहिले. मासा पांढऱ्या ताटलीत काढलेला, मागे नदी नाही. मोबाइलवरची वेळ पाहावी म्हटलं, तर फोटो दोन्ही तुकड्यांचे एकत्र करून ग्रुपवर टाकले होते आणि मूळ फोन साफ झाला होता. दोन दिवस मी मनाशी तडजोडीचा विचार करत राहिलो. पाण्याचा उतार, दगडांचा आकार, बरणीतले इतर मासे यांवरून ‘बहुधा पांझरा’ असं लिहिता आलं असतं. मग आधीची चार पानं आठवली. त्या पोरानंही ‘बहुधा’च लिहिलं होतं, फक्त तो शब्द टाइप करायचा राहिला होता. मासा यादीतून काढला. बरणी अजून कपाटात आहे, आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी आहे: ठिकाण अज्ञात. जाड ट्रेसिंग कागद, पेन्सिल, आणि चिठ्ठी बरणीच्या आत. हा नियम तेव्हापासून मोडलेला नाही. लाटीपाड्याच्या वर पुढे दोनदा गेलो, तशाच वेगवान पाण्याच्या जागी, दगड उलटून उलटून पाहिले. मळ्या भरपूर मिळाले. तो नाही.

त्या दोन फेऱ्यांतून तक्त्यातली शेवटची सुधारणा झाली. रिकामी चौकट तीन अर्थांची असते: गेलो आणि मिळाला नाही, गेलो पण त्या माशाला लागणारं जाळं नव्हतं, गेलोच नाही. यादीत तिन्ही सारखेच दिसतात आणि वाचणारा तिन्हींचा अर्थ ‘तिथे हा मासा नाही’ असा लावतो. उद्या कोणी आमचा कागद पुढे धरून म्हणेल, वरच्या भागात अमुक मासा नव्हताच, मग बंधारा उंच केला तर काय बिघडलं? म्हणून रिकामी चौकट ठेवायची नाही. ‘मिळाला नाही’ लिहायचं, शेजारी किती ओढी, किती तास. ‘योग्य जाळं नाही’ लिहायचं. ‘गेलो नाही’ लिहायचं, आणि ते लिहिताना लाजायचं नाही.

नवी यादी पाठवली ती आधीच्या निम्म्याहूनही कमी नावांची होती, आणि सोबत तक्त्याची बरीच पानं. ज्यांना ती हवी होती त्यांचा फोन आला. आधी चार पानं मासे होते, आता दीड पान, हे कसं? नदीत मासे कमी झाले असं लिहू का? मी म्हणालो, तसं अजिबात लिहू नका, आधीच्या यादीशी तुलनाच करू नका. ती नदीची यादी नव्हती. पलीकडे थोडी शांतता, मग विचारणा झाली की निदान एकूण आकडा गोल करून देता येईल का. नाही दिला.

तक्ता अजून पुरा नाही. अक्कलपाड्याला उन्हाळ्यात पाणी इतकं खाली गेलं होतं की आमच्या ठरलेल्या काठापासून पाणीच लांब होतं. तिथल्या ओळीत नवी जागा वेगळ्या अक्षांश-रेखांशांसह लिहिली आहे. न्याहळोदला दोन फेऱ्या झाल्या, तिसरी व्हायची आहे. आणि मुडावदला श्रावणात तापी फुगून पांझरेच्या तोंडात उलटी शिरते तेव्हा तिथे कोणीच जाळं टाकत नाही, आम्हीही टाकलं नाही. चढणीचा मासा त्याच दिवसांत तिथून वर येत असणार. त्या ओळीत, श्रावणाच्या रकान्यात, ‘गेलो नाही’ असं लिहिलेलं आहे.